मागं किती जण बसतील?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरात एकच विषय होता, गाडी. जुनी छोटी गाडी थकली होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांवरचा जीएसटी बदलला आणि निमगाव केतकीच्या चौकात चहा पिणारा प्रत्येक माणूस गाड्यांचा जाणकार झाला. आमच्याही घरी मसलत बसली. मुलाला वर उघडणारी काच असलेली पाच सीटची गाडी हवी होती. धाकट्या भावाचं म्हणणं, गाडी मळ्याच्या रस्त्यानं गेली पाहिजे. गाडी बहुतेक वेळा बायकोच चालवणार होती, त्यामुळे तिला बारामतीच्या गर्दीत वळवता येईल अशी हवी होती. मी कागद घेऊन रकाने आखले : किंमत, लांबी, इंजिन, सुरक्षेचे तारे, मायलेज. नेक्सॉन, ब्रेझा, क्रेटा, बोलेरो, सफारी, स्कॉर्पिओ-एन अशी नावं एकाखाली एक लिहिली.

अम्मा कोपऱ्यात लसूण सोलत होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पिच्छे कित्ते जने बैठते?"

माझ्या कागदावर तो रकानाच नव्हता.

शिक्षकाची खोड म्हणा, पण या प्रश्नानंतर मी गाड्यांच्या जाहिराती बाजूला ठेवल्या आणि ज्याला आपण एसयूव्ही म्हणतो त्या वाहनाचा इतिहास वाचायला घेतला. वाचता वाचता लक्षात आलं, की हा इतिहास इंजिनाचा कमी आणि जागेचा जास्त आहे. या गाडीत बसायला जागा कुणाला मिळाली, कुणाला नाही, याचा.

सुरुवातही एका तुलनेतूनच झाली. जुलै १९४० मध्ये अमेरिकी लष्कराला हलकं, चारही चाकांना ताकद देणारं वाहन हवं होतं. १३५ कंपन्यांना विचारणा झाली आणि पहिला नमुना ४९ दिवसांत मागितला गेला. ही मुदत फक्त बँटम नावाच्या छोट्या कंपनीनं पाळली. मग विलिज आणि फोर्ड यांनीही आपापले नमुने आणले. लष्करानं तिघांकडून प्रत्येकी १५०० गाड्या घेतल्या, चिखलात घातल्या, चढावर पळवल्या. शेवटी १९४१ मध्ये विलिजची निवड झाली. तिचं ६० अश्वशक्तीचं इंजिन इतर दोघींपेक्षा बरंच जोरकस होतं. पहिली गाडी बनवणाऱ्या बँटमच्या वाट्याला पुढे मुख्यतः ट्रेलर बनवण्याचं काम आलं. आज जीप म्हटलं की बँटम कुणालाच आठवत नाही.

त्या जीपमध्ये जागा होती ती सैनिकांना. पाठ टेकायला पातळ गादी, दरवाजे नाहीत, वर कापडी छत. कुटुंबाचा विचार त्यात कुठेच नव्हता.

आता ती जीप आपल्याकडे कशी आली ते पाहू. हा भाग मी दरवर्षी वर्गात सांगतो आणि मुलं दरवर्षी चकित होतात. २ ऑक्टोबर १९४५ रोजी लुधियानात पोलादाच्या व्यापारासाठी एक कंपनी निघाली. तिचं नाव होतं महिंद्रा अँड महंमद. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र हे महिंद्रा बंधू, आणि तिसरे मलिक गुलाम महंमद. लाहोरचे, अलीगढला शिकलेले, हिशेबाचे पक्के जाणकार, निजामाच्या हैदराबाद संस्थानातही अर्थखातं सांभाळलेले. दोन वर्षांत फाळणी झाली. गुलाम महंमद पाकिस्तानात गेले आणि तिथले पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. इंग्रजी आद्याक्षरं तीच राहिली, त्यामुळे छापलेली स्टेशनरी वाया गेली नाही, असं गमतीनं सांगितलं जातं. दरम्यान कंपनीनं विलिज जीपचे सुटे भाग आणून मुंबईत माझगावला त्यांची जोडणी सुरू केली होती.

गोष्ट इथं संपत नाही. गुलाम महंमद १९५१ मध्ये पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले. १९५५ च्या प्रजासत्ताकदिनी राजपथावर पहिल्यांदा संचलन झालं, तेव्हा भारताचे प्रमुख पाहुणे म्हणून तेच बसले होते. दहा वर्षांपूर्वी ज्यांचं नाव एका भारतीय कंपनीच्या पाटीवर होतं, ते त्याच देशात पाहुणे म्हणून आले.

वर्गात एखादा मुलगा विचारतो, "सर, मग आपलं नाव पुसलं का?" मी म्हणतो, नाही. पाटीवरून गेलं ते एका माणसाचं नाव. त्यांनी आपला रस्ता निवडला, आणि तो त्यांचा हक्क होता. माझे आजोबा इथेच राहिले. इथे राहिलेल्यांची नावं कंपनीच्या पाटीवर कधी नव्हतीच. ती सातबाऱ्यावर होती, रेशनकार्डावर होती, शाळेच्या दाखल्यावर होती, आणि तिथून ती हललेली नाहीत. जी पाटी आपली नव्हती तिच्यासाठी हळहळण्यापेक्षा आपल्या दाखल्यावरचं नाव नीट वाचता यावं, म्हणून शाळा आहे.

स्वातंत्र्यानंतर बराच काळ जीपमधली जागा सरकारची होती. बीडीओची जीप, पोलिसांची जीप, पाटबंधारे खात्याची जीप. गावात जीप शिरली की पोरं मागं धावायची आणि मोठी माणसं उठून उभी राहायची. निवडणुकीत त्याच जीपवर कर्णा बसायचा. साखर कारखाने उभे राहिले, तसं चेअरमन आणि संचालकांच्या बुडाखाली जीप आली. सामान्य माणसाला एसटी. १ जून १९४८ रोजी पहिली एसटी पुणे ते अहमदनगर धावली आणि पुढे तिनंच खेडी जोडली. पण एसटीला वेळ असते, आणि रात्री ती नसते.

त्या रिकाम्या वेळेत वडाप आलं. ऐंशी-नव्वदच्या दशकात आकुर्डीच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स आणि महिंद्राची कमांडर यांनी पश्चिम महाराष्ट्रातले रस्ते भरून टाकले. बारामती ते इंदापूर रस्त्यावर आम्ही या गाड्यांतूनच वाढलो. आत दाटीवाटीनं बारा-चौदा माणसं, मागच्या फळीवर लोंबकळणारे दोघे-तिघे, टपावर खाऊच्या पानांच्या टोपल्या. हे बेकायदेशीर होतं आणि धोक्याचंही होतं. त्याचं कौतुक मला करायचं नाही. वडाप उलटल्याच्या बातम्या आम्ही लहानपणापासून वाचल्या आहेत. पण लष्कराची आणि साहेबांची जीप पहिल्यांदा सगळ्यांची झाली ती तेव्हाच. तिथे जात, धर्म, हुद्दा विचारायला जागाच नसायची. "सरका जरा" एवढं म्हटलं की सरकावं लागायचं.

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. पावसाळ्यातली रात्र होती. अब्बा पानमळ्यातून आले आणि पाय धरून दारातच बसले. साप चावला होता. शेजारचे तात्या वडाप चालवायचे. दिवसभर गाडी हाकून नुकतेच झोपले होते. अम्मांनी हाक मारली आणि दोन मिनिटांत जीप दारात आली. मागच्या बाकड्यावर अब्बा आडवे, डोकं अम्मांच्या मांडीवर, पाय धरून मी, आणि उरलेल्या जागेत गल्लीतले चार जण. इंदापूरला वेळेवर पोहोचलो, इंजेक्शन मिळालं, अब्बा वाचले. पुढच्या आठवड्यात अम्मा पैसे घेऊन गेल्या. तात्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, "वहिनी, हे काय भाडं हाय व्हय?"

अम्मांच्या प्रश्नामागे ही रात्र होती. मला ती आठवायला आठ दिवस लागले.

पुढे ही गाडी कुटुंबाची झाली, आणि त्यात पुणे जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. १९९१ मध्ये टाटांची सिएरा आली. १९९४ मध्ये सुमो आली आणि लग्नाच्या वऱ्हाडाचं रूपच पालटलं. सुमो हे नाव जपानी पैलवानांवरून आलं असं अनेकांना वाटतं. खरं तर ते सुमंत मुळगावकर यांच्या नावातली पहिली अक्षरं जोडून केलं आहे. टेल्कोचा पुण्याचा कारखाना उभारणारे मुळगावकर १९८९ मध्ये गेले. त्यांचं नाव पाटीवर न लिहिताही पंचवीस वर्षं रस्त्यावर धावत राहिलं. १९९८ मध्ये सफारी आली, २००० मध्ये बोलेरो, २००२ मध्ये नाशिकहून स्कॉर्पिओ. २०११ पासून चाकणमधून एक्सयूव्ही ५०० निघू लागली.

मग करानं गाडीची लांबी ठरवली. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं. अट अशी : लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. कंपन्यांनी चार मीटरमध्ये एसयूव्ही बसवायला सुरुवात केली. इकोस्पोर्ट, ब्रेझा, नेक्सॉन ही सगळी त्या एका ओळीची लेकरं. जुनी बोलेरोही २०१६ मध्ये चार मीटरच्या आत आली. आजही रेघ तीच आहे. नव्या जीएसटीत या रेघेच्या आत १८ टक्के आणि बाहेर ४० टक्के. पूर्वी मोठ्या एसयूव्हीवर उपकरासह ५० टक्के लागायचे, म्हणजे उतरले दोन्हीकडे, पण दरी राहिली. चार मीटरमध्ये नाक, इंजिन आणि दोन रांगा मावल्या की मागं फारसं काही उरत नाही. आईवडील, भाऊ, भाचरं असलेल्या घराला सरकार जणू सांगतं, की जास्त माणसं असतील तर जास्त कर भरा.

आता पुन्हा आमच्या कागदाकडे. मी नवा रकाना आखला : मागची रांग. सहा गाड्यांपैकी नेक्सॉन, ब्रेझा आणि क्रेटा पाचच जणांच्या, त्या गळाल्या. यात त्यांचा दोष नाही. चौघांच्या घराला त्या उत्तम आहेत, आणि २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय बनावटीची गाडी नेक्सॉनच होती. उरलेल्यांत आम्ही दुसरी अट घातली : मागच्या जागा समोर तोंड असलेल्या हव्यात आणि प्रत्येकाला पट्टा हवा. आडव्या बाकड्यांवरचा वडापचा प्रवास आमच्या पिढीनं केला, मुलांना तो नको. मग बोलेरोही गेली, भाऊ दोन दिवस रुसला. राहिल्या दोन, सफारी आणि स्कॉर्पिओ-एन. दोन्हींना सुरक्षेचे पाच तारे, दोन्ही चार मीटरच्या बाहेर, दोन्ही आमच्या खिशाच्याही थोड्या बाहेर.

इथे खरी मसलत झाली. भाऊ म्हणाला, हप्ते पाडू. मला व्याजाचं कर्ज नको होतं. प्रत्येक घराचा यातला निर्णय वेगळा असतो आणि तो त्या घरानं घ्यावा. मी कुणाला पाठ देत नाही. पण मुलांना शिकवताना एक गंमत मी नेहमी सांगतो. किंमत, कर्ज, हिशेब, मालक, दलाल हे सगळे अरबीतून आले, आणि हप्ता म्हणजे फारसीत आठवडा. मराठी माणूस गाडी घेताना निम्मं बोलणं अरबी-फारसीतच करतो, आणि त्याला ते मराठीच वाटतं. ते बरोबरच आहे, कारण ते शब्दही आता इथलेच झालेत. आमचा हिशेब असा जुळला : माझी शिल्लक, भावाच्या डाळिंबाचे पैसे, बायकोची भिशी आणि मेहुण्यानं दिलेलं बिनव्याजी कर्ज. त्याला आमच्याकडे कर्ज-ए-हसना म्हणतात.

दोन्ही गाड्यांत अम्मांना बसवून पाहिलं. दोन्ही उंच. गुडघे कुरकुरले. भावानं आधार दिला तेव्हा स्कॉर्पिओत त्या दुसऱ्या रांगेत नीट बसल्या, आणि चढायला खाली पायरी बसवून घ्यायचं ठरलं. एक गोष्ट मात्र कुणी जाहिरातीत सांगत नाही. तिसरी रांग उघडली की डिकीत दोन पिशव्यांपलीकडे काही मावत नाही. माणसं किंवा सामान, दोन्ही नाही. आम्ही माणसं निवडली. मुलाची उघडणारी काच राहून गेली. गाडी बायकोच्या नावावर घेतली. एमएच ४२ च्या कागदावर तिचं नाव पाहून अम्मा नुसत्या हसल्या.

आषाढात तुकोबांची पालखी निमगाव केतकीत मुक्कामाला असते. आता तो रस्ता रुंद होतोय, आणि घरोघरी गाड्या आहेत. बहुतेक गाड्यांत एक माणूस असतो आणि बाकीच्या सीट रिकाम्या. गाड्या वाढल्या, तसं "सरका जरा" म्हणणं कमी झालं.

गाडी आली त्याच आठवड्यात तात्यांचा मुलगा दारात आला. तात्या आता थकलेत, डोळ्याला पडदा आलाय, बारामतीला ऑपरेशन ठरलं होतं. त्यानं भाड्याची गाडी कुठे मिळेल असं विचारलं. अम्मांनी मला बोलूच दिलं नाही. सकाळी सातला तात्या पुढच्या सीटवर बसले. गुडघे दुखत असूनही अम्मांनी सोबत यायचा हट्ट धरला. त्या मधल्या रांगेत, त्यांच्या शेजारी तात्यांची बायको. तिसऱ्या रांगेत तात्यांची नातवंडं. मी जागा नसल्यामुळे घरीच राहिलो. बायकोनं गाडी काढली.

परत आल्यावर तिनं सांगितलं, तात्यांनी भाड्याचा विषय काढला होता. अम्मा म्हणाल्या, "भाऊ, हे काय भाडं हाय व्हय?"