बाडांची देवघेव

छापखाना रुळण्यापूर्वी करवीर (कोल्हापूर) प्रांतातील कीर्तनकार, पुराणिक आणि मठवासी यांच्या ज्ञानव्यवहाराचा मोठा आधार बाड हा होता. हातकागदाचे लांबट, अरुंद ताव आखूड कडेला शिवून केलेली आणि पाने वरच्या बाजूस उलटत जाणारी ही वही असे. सुट्या पानांची पोथी पारायणात मानाने मांडली जाई. बाड मात्र मालकाच्या नित्य वापराचे, म्हणून त्यात अभंग, पदे व आरत्यांच्या शेजारी काढ्याचे प्रमाण किंवा उधारीची नोंदही बिनदिक्कत बसे. एकाचे बाड दुसऱ्याने मागून न्यावे, हवे तेवढे उतरवून घ्यावे आणि त्यात आपली भर घालून पुढच्याला द्यावे, अशी ही देवघेव चाले व तिला मध्यवर्ती भांडाराची गरज पडत नसे.

रामदासी संप्रदायात मठांच्या जाळ्यामुळे या देवघेवीला शिस्त आली. करवीर प्रांताचा या संप्रदायाशी निकटचा संबंध होता: समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी पारगाव आणि मनपाडळे येथील मारुती आजच्या कोल्हापूर जिल्ह्यात आहेत, त्यांचे शिष्य कल्याणस्वामी त्यांना कोल्हापुरातच भेटले अशी सांप्रदायिक समजूत आहे, आणि मिरज मठाच्या वेणास्वामींचे माहेरही परंपरा येथलेच सांगते. समर्थांच्या दासबोधाच्या १९व्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिलेला असून, कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडू नये म्हणून भोवती कोरी जागा सोडावी आणि म्हातारपणीही वाचता येईल असे ठळक लिहावे, इतका व्यावहारिक उपदेश त्यात आहे. अध्यात्मग्रंथाने हा विषय घ्यावा, यावरूनच नकलेचे महत्त्व कळते.

पोथीची नक्कल करणारा पुष्पिकेत, म्हणजे समाप्तीच्या मजकुरात, जसे दिसले तसे लिहिले, दोष देऊ नये, अशी विनवणी करी. बाडाच्या मालकाला असा संकोच नव्हता. तो चरण बदली, पदे गाळी, आणि त्यामुळे एकाच पदाचे अनेक पाठ नांदत. अशीच रीत अलीकडे संगणकावरही दिसते. संगणकतज्ज्ञ वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिला विकी, म्हणजे वाचकालाच बदलता येणारा पानांचा संग्रह, सुरू केला आणि २०११ मध्ये त्याचे विकेंद्रित रूप मांडले. त्यातही दुसऱ्याचे पान स्वतःच्या संग्रहात उतरवून तेथे बदलायचे असते, मात्र पानाचा पूर्वेतिहास त्याच्यासोबत येतो. बाडात तो क्वचितच येई, आणि संशोधकांची खरी अडचण तीच ठरली.

पुढे छापील ग्रंथांचा काळ आला. कोल्हापुरात १८५० मध्ये सार्वजनिक ग्रंथालय निघाले, तेच पुढे करवीर नगर वाचन मंदिर म्हणून ओळखले गेले. १८९४ मध्ये विष्णु गोविंद विजापूरकरांनी येथूनच ‘ग्रंथमाला’ हे मासिक काढले. धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापून मठोमठीची बाडे मिळवली, आणि कल्याणस्वामींच्या डोमगाव मठातील प्रतीवरून १९०५ मध्ये दासबोध छापला. हे काम थोर होते, यात शंका नाही. परंतु संपादकांना बाडांतून काव्य हवे होते. काढ्यांची प्रमाणे आणि उधाऱ्या, म्हणजे बाड कोणाचे होते हे सांगणारा भाग, बहुधा छापील ग्रंथाबाहेरच राहिला.