शिक्षेतील लिंगभेद

सारख्या गुन्ह्यासाठी स्त्री व पुरुष आरोपींना मिळणाऱ्या शिक्षेतील तफावत. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांतील खटल्यांवर सोन्जा स्टार यांनी 2012 मध्ये केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. अटकेचे कारण व पूर्वीचे गुन्हे सारखे धरूनही पुरुषांच्या शिक्षा सरासरी 63 टक्के लांब निघाल्या. तेथील शिक्षानिश्चितीची मार्गदर्शक तत्त्वे आरोपीचे लिंग गैरलागू ठरवतात. पण बरीचशी तफावत न्यायाधीशापुढे प्रकरण येण्याआधीच, सरकारी वकिलाने आरोप ठरवताना व तडजोड करताना पडते.

भारतात काही भेद कायद्यातच होता. भारतीय दंड संहितेच्या कलम 497 नुसार व्यभिचाराबद्दल पुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद होई, स्त्रीला मात्र साहाय्यकर्ती म्हणूनही शिक्षा नसे. ही सवलत दिसायला उदार. तिच्या मुळाशी पत्नी ही पतीची मालमत्ता असल्याची कल्पना होती. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हे कलम रद्द केले. गर्भवतीची फाशी जन्मठेपेत बदलण्याची तरतूद कायम आहे.

समाजाच्या मते ‘बाईपणाला न शोभणाऱ्या’ गुन्ह्यांत ही सौम्यता टिकतेच असे नाही. 1881 मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल फाशी सुनावली गेली (पुढे ती सौम्य झाली). त्या वेळी उसळलेल्या स्त्रीनिंदेला ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ (1882) लिहून उत्तर दिले.