वरळी कोळीवाडा : एका गावाची नोंद

कोणत्याही गावाची माहिती लिहायला घेतली की तीन मथळे ठरलेले असतात : इतिहास, भूगोल आणि लोकसंख्या. जुनी गॅझेटिअरे याच पद्धतीने लिहिली गेली आणि शाळेत 'आपले गाव' हा प्रकल्प दिला की मुलेही हीच वाट धरतात. गाव किती जुने, कोठे वसले, माणसे किती? प्रश्न साधे आहेत. परंतु हेच प्रश्न मुंबईतील वरळी कोळीवाड्याला लावून पाहिले, तर प्रत्येक ठिकाणी अडखळायला होते. या गावाची घरे जमिनीवर आहेत, पण त्याची 'शेती' समुद्रात आहे. नोंदी ठेवणारे मात्र बहुतेक वेळा किनाऱ्यापाशीच थांबले. त्याचा परिणाम काय झाला, हे पाहण्यासारखे आहे.

जागा

मुंबई शहर ज्या सात बेटांपासून बनले, त्यांपैकी वरळी हे एक. बेट दक्षिणोत्तर लांबट होते. दक्षिणेकडे वरळीची टेकडी, आणि उत्तरेकडे निमुळती होत समुद्रात शिरलेली जिभेसारखी जमीन. या जिभेच्या टोकाशी कोळीवाडा वसला आहे. पश्चिमेला उघडा अरबी समुद्र आणि खडकाळ किनारा, तर पूर्वेला माहीमच्या उपसागराचे तुलनेने शांत पाणी. समोर उत्तरेला बांद्रा. होड्यांना वाऱ्यापासून आडोसा आणि मासेमारीला खडक, या दोन्ही गोष्टी हाकेच्या अंतरावर असल्याने वस्तीसाठी हीच जागा का निवडली गेली, हे वेगळे सांगायला नको.

येथील खडकाचा इतिहास माणसाच्या इतिहासाहून फारच जुना. महाराष्ट्राचा बराचसा भाग ज्या लाव्ह्याच्या थरांनी बनला, त्याच ज्वालामुखी कालखंडाच्या अखेरच्या टप्प्यात मुंबईचे खडक तयार झाले. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात येथे गोड्या पाण्याची तळी होती. त्यांच्या तळाशी साचलेल्या गाळाचे थर वरळीच्या टेकडीत सापडले आणि त्यांत लहान बेडकांचे जीवाश्म मिळाले. १८४७ साली रिचर्ड ओवेन या प्रसिद्ध शरीररचनाशास्त्रज्ञाने त्यांचे वर्णन 'राना प्युसिला' या नावाने केले; पुढे १९३० साली त्याच बेडकाला 'इंडोबॅट्रॅकस' हे नाव मिळाले. कासवाचे अवशेषही या थरांत आढळले. आज ज्या खडकावर खाऱ्या पाण्याच्या लाटा आदळतात, तेथे सुमारे सहा ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वी गोड्या पाण्यातले बेडूक राहत होते.

किल्ला, उपसागर आणि सीमा

मुंबई बेटांवरच्या सर्वांत जुन्या रहिवाशांत कोळ्यांची गणना होते. शहराला जिचे नाव मिळाले ती मुंबादेवी मूळची कोळ्यांची देवता मानली जाते. वरळीच्या कोळीवाड्यातली गोल्फादेवीही अशीच, समुद्रावर जाण्यापूर्वी जिचा कौल घ्यावा अशी. पण लेखी इतिहास सुरू होतो तो सत्तांतरांनी. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसईसह हा प्रदेश पोर्तुगीजांना दिला. १६६१ च्या विवाह-करारात मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली आणि १६६८ साली त्याने ती वार्षिक १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली.

कोळीवाड्याच्या टोकावर आज जो लहानसा किल्ला उभा आहे, तो १६७५ च्या सुमारास इंग्रजांनी बांधला असे सामान्यतः मानले जाते. त्याचे काम टेहळणीचे. कारण समोरचे बांद्रे इंग्रजांचे नव्हते. तेथे आधी पोर्तुगीज होते, १७३० च्या दशकाच्या अखेरीस साष्टीबरोबर ते मराठ्यांकडे गेले आणि १७७४ साली इंग्रजांनी साष्टी घेईपर्यंत मराठ्यांकडेच राहिले. म्हणजे सुमारे शंभर वर्षे वरळी आणि बांद्रा यांच्यामधले पाणी ही दोन राज्यांमधली सीमा होती.

किल्लेदाराच्या दृष्टीने ते पाणी म्हणजे शत्रू जेथून येईल ती वाट. कोळ्याच्या दृष्टीने तेच पाणी म्हणजे रोजचे कामाचे ठिकाण. कागदपत्रांत साहजिकच पहिली दृष्टी उतरली. म्हणून वरळीचा इतिहास शोधायला गेलो तर किल्ला सापडतो. किल्ल्याच्या पायथ्याशी आधीपासून राहणारे गाव ओझरते भेटते.

बांध

वरळीचा भूगोल माणसाने बदलला तो अठराव्या शतकात. वरळी बेट आणि दक्षिणेकडचे मुंबई बेट यांच्यामधल्या खिंडारातून भरतीचे पाणी आत शिरत असे आणि आज जेथे महालक्ष्मी, ताडदेव, भायखळा हे भाग आहेत तेथवर पसरत असे. विल्यम हॉर्नबी हा मुंबईचा गव्हर्नर असताना (१७७१ ते १७८४) हे खिंडार बंद करण्यासाठी बांध घालण्यात आला. तोच 'हॉर्नबी व्हेलार्ड'. बांध पुन्हा पुन्हा ढासळू लागला, तेव्हा समुद्रातून देवीच्या मूर्ती काढून त्यांची स्थापना केल्यावरच काम टिकले, अशी महालक्ष्मीच्या देवळाविषयीची आख्यायिका प्रसिद्ध आहे. ती बाजूला ठेवली, तरी बांधामागची अडचण तिच्यातून चांगली कळते. पाणी ज्या वाटेने येते ती अरुंद करत नेली की उरलेल्या वाटेतून त्याचा वेग वाढतो आणि शेवटचा तुकडा जोडणे सर्वांत कठीण होते.

बांधामुळे शहराला जमीन मिळाली. वरळी हे बेट राहिले नाही. पुढे १८४५ साली माहीम आणि बांद्रा यांना जोडणारा रस्ता झाला आणि उपसागराच्या वरच्या अंगाला पाण्याची ये-जा आणखी आवळली गेली. १९२० च्या दशकात वरळीत बी. डी. डी. चाळी उभ्या राहिल्या. आसपास गिरण्या, मग कचेऱ्या आणि त्यानंतर उंच इमारती आल्या. गाव जागच्या जागीच राहिले, शहर त्याच्याभोवती येऊन पोचले.

समुद्रातली शेती

कोळीवाड्याचा खरा नकाशा काढायचा तर ओहोटीच्या वेळी काढावा लागेल. मुंबईला उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांमध्ये चार ते साडेचार मीटरपर्यंत फरक पडतो; भांगाच्या दिवसांत तो बराच कमी असतो. किनाऱ्याचा उतार दर ५० मीटरला १ मीटर आहे असे धरले, तर ४ मीटरच्या फरकाने २०० मीटर रुंदीचा पट्टा दिवसातून दोनदा उघडा पडतो आणि दोनदा बुडतो. या पट्ट्यावर बायका कालवे फोडतात, खेकडे धरतात. त्यापुढच्या उथळ खडकाळ पाण्यात लहान होड्यांनी जाळी टाकली जातात. शेवंड, चिंबोरी आणि खडकांच्या आश्रयाने राहणारे मासे तेथे मिळतात. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, म्हणून कामाचे वेळापत्रक घड्याळापेक्षा तिथीवर चालते. अष्टमीला भांग आणि पुनव-अवसेला उधाण, हे गणित येथे पंचांग न उघडता तोंडपाठ असते.

या उथळ पाण्यात जैविक विविधता फारशी नसावी, असा शहरी समज पुष्कळ काळ होता. पण वरळी आणि हाजी अली येथील खडकांवर प्रवाळांच्या लहान वसाहती आढळल्या आणि सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी, २०२० साली, त्या दुसरीकडे हलवाव्या लागल्या.

माणसे किती?

आता तिसरा मथळा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख ४२ हजार होती. वरळी ज्यात येते त्या महापालिकेच्या जी-दक्षिण विभागाची सुमारे ३ लाख ७८ हजार. या आकड्यात उंच इमारती, चाळी, झोपडपट्ट्या आणि कोळीवाडा हे सगळे एकत्र आहे. जनगणनेत शहराच्या आतले गाव हा वेगळा घटक नसतो, विभाग असतो.

दुसरी मोजणी आहे ती केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची. या संस्थेने २००५, २०१० आणि २०१६ साली देशभर मच्छिमारांची गणना केली. २०१० च्या गणनेत महाराष्ट्रात ४५६ मच्छिमार गावे आणि ८१ हजारांवर मच्छिमार कुटुंबे नोंदली गेली. येथे गाव हा घटक आहे, पण मोजली जातात ती मच्छिमार कुटुंबे. कोळीवाड्यात भाड्याने राहणारा कामगार तिच्यात येत नाही. पहिल्या मोजणीत गाव हरवते, तर दुसरीत गावातले बरेच लोक.

या फरकाचे महत्त्व मार्च २०२० च्या अखेरीस कळून आले. करोनाचे रुग्ण सापडल्यावर वरळी कोळीवाडा बंद करण्यात आला. रुग्ण किती हे रोज जाहीर होत होते. पण साथीचा वेग ठरवायला अपूर्णांकाचा छेदही लागतो : किती माणसांपैकी किती आजारी? वस्तीच्या लोकसंख्येचे जे अंदाज तेव्हा छापून येत होते, ते एकमेकांशी जुळत नव्हते. यात मोजणाऱ्यांची चूक शोधण्यापेक्षा एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी. हद्द कोठे धरली यावर लोकसंख्या अवलंबून असते. मूळ घरे धरली तर एक आकडा, मागच्या वस्तीसह धरले तर दुसरा. लोकसंख्या हा मथळा भूगोलाच्या आधी लिहिताच येत नाही.

शहरातले 'ग्रामीण' गाव

ही हद्द ठरवण्याचा एक प्रयत्न कायद्याने केला आहे. १९९१ साली केंद्र सरकारने किनाऱ्यावरील बांधकामांवर नियंत्रण ठेवणारी अधिसूचना काढली. तिचे लक्ष भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या जमिनीवर आणि भरती-ओहोटीमधल्या पट्ट्यावर होते. ६ जानेवारी २०११ रोजी तिच्या जागी नवी अधिसूचना आली. या वेळी १२ सागरी मैलांपर्यंतचे पाणीही नियंत्रणात आले, आणि आराखड्यात मच्छिमार गावे, मासळी सुकवण्याच्या जागा, धक्के आणि पाण्यातली मासेमारीची क्षेत्रे दाखवावीत असे सांगितले गेले. किनाऱ्यापाशी थांबणारी रेषा प्रथमच समुद्रात शिरली.

याच अधिसूचनेत बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांसाठी खास तरतूद होती : १९८१ च्या विकास आराखड्यातल्या किंवा शासनाच्या इतर नोंदींतल्या कोळीवाड्यांचे सर्वेक्षण करून त्यांचा समावेश तिसऱ्या वर्गात करावा. हा वर्ग ग्रामीण किनाऱ्याचा. सव्वा कोटी वस्तीच्या महानगरातल्या गावाला कायद्याने 'ग्रामीण' म्हटले, ही गोष्ट विचित्र वाटेल. पण गावाच्या स्वरूपाशी ती अधिक प्रामाणिक होती. २०१९ साली या अधिसूचनेचीही जागा नव्या अधिसूचनेने घेतली. कोळीवाडा कोठे संपतो आणि झोपडपट्टी कोठे सुरू होते, यावरून मात्र वाद होत राहिले. हा वाद केवळ शब्दाचा नाही. झोपडपट्टी ठरली की पुनर्वसनाच्या इमारती उभ्या राहतात; कोळीवाडा ठरला की अंगण, जाळी विणण्याची जागा आणि होड्या ओढून ठेवण्याचा किनारा गावाचाच भाग धरला जातो.

१२० मीटर

वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ साली खुला झाला. त्याच्या वरळीकडच्या अंगाला होड्यांच्या वाटेवर १५० मीटरचा गाळा आहे. त्यानंतर आला सागरी किनारा मार्ग. त्याला सेतूशी जोडणारा पूल कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड बंदरासमोरून जायचा होता आणि त्याच्या दोन खांबांमधले अंतर ६० मीटर ठरले होते. कोळ्यांचे म्हणणे असे की एवढ्या वाटेतून होडी सुखरूप नेता येणार नाही.

कागदावर ६० मीटर पुष्कळ वाटतात. पण होडीला ब्रेक नसतो. बाजूचा वारा, लाटा आणि प्रवाह तिला सरळ रेषेत जाऊ देत नाहीत. खांबांमुळे प्रवाह अरुंद होऊन त्याचा वेग वाढतो. आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परतणाऱ्या होड्या एकामागोमाग एकाच वेळी आत शिरतात. हॉर्नबीच्या बांधाच्या वेळचाच नियम येथेही लागू होतो. कोळ्यांच्या सहकारी संस्था न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये प्रकल्पाची किनारा नियमनाखालची परवानगी रद्द केली. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती देऊन काम पुढे चालू दिले. खांबांचा प्रश्न उरलाच. कोळ्यांची मागणी १६० मीटरची होती. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये मधला एक खांब वगळून अंतर १२० मीटर करण्याचे शासनाने मान्य केले. मार्गाचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये खुला झाला.

मागणी पुरती मान्य झाली नाही. तरीही जमिनीवरून काढलेला पुलाचा नकाशा पाण्यावर राहणाऱ्यांच्या अनुभवाने बदलावा लागला, ही नोंद गावाच्या इतिहासात किल्ल्याइतकीच महत्त्वाची आहे.

शिक्षकांनी 'आपले गाव' हा प्रकल्प देताना म्हणून क्रम थोडा बदलून पाहावा. लोकसंख्या लिहिण्यापूर्वी मुलांना गावाची हद्द काढायला सांगावी, आणि ती काढताना केवळ घरे न मोजता गाव जेथून जगते ती जागाही दाखवायला सांगावी : गायरान, डोंगर, तळे, नदी, खाडी. मग तलाठ्याकडचा नकाशा शेजारी ठेवावा. दोन नकाशांत जो फरक दिसेल, त्यावर वर्गात एक तास सहज जाईल.