खजाना विहीर: मोटेविना भिजणारे शिवार

बीड शहराच्या दक्षिणेस असलेली खजाना विहीर हिजरी ९९१, म्हणजे इ. स. १५८३ च्या सुमारास निजामशाही जहागीरदार सलाबतखानाने बांधवली. रचनाकार राजा भास्कर. विहिरीत तीन भुयारे आहेत. दोहोंतून भूजल आत येते, तर तिसऱ्यातून ते निव्वळ उताराच्या बळावर बलगुजार परिसरातील शेतांकडे जाते. ना मोट, ना बैल!

खरे कौशल्य भुयारात आहे. पर्जन्यछायेतल्या या मुलखात उघड्या पाटाचे पाणी ऊन पिऊन टाकते. झाकलेले पाणी शेतापर्यंत पोहोचते. औरंगाबादची प्रसिद्ध नहर-ए-अंबरीही याच तत्त्वावरची, पण नंतरची. मात्र या विहिरीचा सारा डोलारा उथळ भूजलपातळीवर उभा आहे. भोवतालच्या कूपनलिकांनी ती पातळी भुयारांखाली नेली, तर शाबूत दगडी बांधकामही कोरडेच राहील.