फूल आणि दोन पाने

मी काही इतिहासाचा अभ्यासक नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला साधा इंजिनिअर. कामानिमित्त लोंढा, कॅसलरॉक, कुळे या घाटात बरेच हिंडणे झाले. 37 फुटांना 1 फूट असा तिथला चढ. 1961 पर्यंत कॅसलरॉकच्या पुढे पोर्तुगिजांचा मुलूख होता. त्या रुळांवरून चालताना आजोबांची आठवण हमखास येते.

चिकपेटेत आमचे कापडाचे दुकान होते. गोवा महाराष्ट्रात यावा असे आजोबांना मनापासून वाटे. "फूल हरलं रे," असे ते शेवटपर्यंत म्हणत. हे फूल कोणते, ते मला फार उशिरा कळले.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. 1963 च्या पहिल्या निवडणुकीत विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष जिंकला व भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाला गोवा वेगळाच हवा होता. आपल्या इथल्या म्हैसूर सरकारचाही विलीनीकरणाला विरोध होता. निव्वळ विधानसभेतल्या बहुमतावर निर्णय झाला असता, तर हरलेल्यांच्या मनात सल राहिली असती. पुरुषोत्तम काकोडकरांनी दिल्लीत खटपट केली आणि डिसेंबर 1966 मध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला व राष्ट्रपती राजवट आली.

16 जानेवारी 1967 रोजी मतदान झाले. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पाने म्हणजे केंद्रशासित गोवा. फुलाला 1,38,170 मते, पानांना 1,72,191. फरक 34,021 मतांचा.

पुढची गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. दोनच महिन्यांनी निवडणूक झाली आणि गोवेकरांनी पुन्हा बांदोडकरांच्याच पक्षाला निवडून दिले! विलीनीकरण नको, पण भाऊसाहेब हवेत. 30 मे 1987 रोजी गोवा स्वतंत्र घटकराज्य झाले.

त्याच सुमारास, ऑक्टोबर 1966 मध्ये, बेळगाव सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग नेमला गेला. तिथे कौल मतपेटीतून घेतला गेला नाही. 1967 चा अहवाल महाराष्ट्राने मानला नाही आणि 2004 मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. कोण बरोबर, हे सांगण्याची माझी पात्रता नाही. एवढेच आठवते, की सीमेवर काही पेटले की आजोबा दुकानाची मराठी पाटी उतरवून आत ठेवत. आणि शेजारचे कन्नड दुकानदार स्टूल घेऊन दिवसभर आमच्या दारात बसत.

मंडळी, नकाशावरची रेघ सरकार ठरवते. शेजार मात्र आपल्यालाच सांभाळावा लागतो. आजोबांचे फूल हरले खरे, पण हरल्यावर गोव्यात कोणाला पाटी उतरवावी लागू नये, एवढीच त्यांचीही इच्छा असणार. बाप्पा सर्वांना तशी बुद्धी देवो.

गणपती बाप्पा मोरया!