तुंहो
तुंहो : कोलंबियातील मुइस्का लोकांनी देवाला वाहण्यासाठी ओतलेल्या सोन्याच्या चपट्या, लहानखुऱ्या मूर्ती. मूर्ती आधी मेणात घडवायची, तिच्यावर मातीचा साचा चढवायचा, मग मेण वितळवून त्या पोकळीत सोन्या-तांब्याचा रस ओतायचा. डोळे, नाक, हातातली काठी सगळे मेणाच्या दोऱ्याएवढ्या तारांतून उमटलेले दिसते. बऱ्याच मूर्तींच्या कडा घासलेल्या नाहीत, जिल्हईही नाही. तेवढ्यावरून त्यांना ओबडधोबड ठरवणे अन्यायाचे आहे; त्या मिरवण्यासाठी नव्हत्याच, मडक्यात घालून पुरायच्या किंवा तळ्यात सोडायच्या होत्या. १९६९ साली पास्काजवळच्या गुहेत सापडलेला, आता बोगोटाच्या सुवर्ण संग्रहालयात असलेला सुमारे २० सेंटिमीटर लांबीचा तराफा याच परंपरेतला. त्यावरचा सरदार भोवतालच्या माणसांहून कितीतरी मोठा घडवला आहे.