पाटी आणि मैदान : दादर-परळमधील बालव्यायामाची शंभर वर्षे

मुंबई महापालिकेने सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आरंभ १९२५ साली एफ आणि जी या दोन वॉर्डांत, म्हणजे परळ-दादरच्या गिरणी कामगार वस्तीत केला. माहीम पार्क हे मैदान त्याच वर्षी लोकांसाठी खुले झाले आणि १९२७ मध्ये त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळाले. तेथील श्री समर्थ व्यायाम मंदिराची प्र. ल. काळे गुरुजींनी केलेली स्थापनाही १९२५ चीच आहे. मुलाच्या हाती पाटी आणि पायाखाली मैदान असे एकाच वर्षी आले खरे, परंतु शाळेच्या वेळापत्रकात व्यायामाच्या वाट्याला कवायतीचा एखादा तास येई आणि शरीर घडवण्याचे खरे काम संध्याकाळी, शाळेबाहेर, आखाड्यात होत असे.

आखाड्यातील लहान मुलांना विशेष मानवला तो मल्लखांब. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात उल्लेखिलेल्या आणि दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी पुनरुज्जीवित केलेल्या या प्रकारात मूळचा हेतू कुस्तीच्या सरावाचा होता. एरंडेल तेल चोळलेल्या लाकडी खांबावर पायांची मिठी घालून अंग तोलण्याच्या पकडीस ‘अढी’ म्हणतात. ती साधताना हात, पाय, पोट आणि पाठ यांचे स्नायू एकाच वेळी कामी लागतात, आणि नजर व मन क्षणभरही दुसरीकडे जाऊन चालत नाही. मुलाचे वजन कमी असल्याने स्वतःचे अंग उचलणे त्याला मोठ्यांपेक्षा सोपे जाते, शिवाय एका खांबाभोवती पुष्कळ मुले आळीपाळीने शिकू शकतात, ही गोष्ट एका खोलीत सारे कुटुंब राहणाऱ्या चाळकऱ्यांच्या दृष्टीने फार मोलाची होती. या विद्येचा प्रसार करणारे समर्थचे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ साली शिवाजी पार्कवरच भरली.

व्यायामात वेळ घालवला तर अभ्यास मागे पडेल, ही पालकांची धास्ती जुनीच आहे. लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष शरीर कमावण्यात घालवले आणि ते परीक्षेत नापास झाले, हे तिचे नेहमीचे उदाहरण. पण त्याच टिळकांनी पुढे गणितात पहिल्या वर्गात बी. ए. केले, हा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. व्यायाम हा शिक्षणाचाच भाग आहे, हा विचार सरकारदरबारी १९३७ नंतर, स्वामी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखालील समितीमुळे रुजला आणि १९३८ मध्ये कांदिवलीस व्यायामशिक्षक घडवणारी संस्था निघाली. आज जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची हालचाल आवश्यक मानते आणि तिच्या लाभांत आकलनशक्ती व शालेय यश यांचाही समावेश करते.

हा तास मिळायला मात्र जागा लागते. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर बंद पडत गेलेल्या गिरण्यांच्या जमिनीतून लालबाग-परळच्या मुलांना मैदाने मिळण्याची संधी होती, कारण १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने त्या जमिनीचा सुमारे एकतृतीयांश वाटा सार्वजनिक मोकळ्या जागेसाठी ठरवला होता. २००१ च्या दुरुस्तीने हा हिशेब संपूर्ण जमिनीऐवजी केवळ गिरणीतील रिकाम्या जागेपुरता उरवला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती दुरुस्ती वैध ठरवली.